अर्ध्या डब्याचा आवाज

आमच्या घरी अ‍ॅम्प नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ आणि सगळी मजा त्यातूनच निघाली. इलेक्ट्रिक गिटार ही भारी लाजाळू वस्तू. तिचं पोट भरीव लाकडाचं. नुसती छेडली तर शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही धड ऐकू जात नाही. वायर लावून तो आवाज अ‍ॅम्पमध्ये न्यायचा, अ‍ॅम्पच्या पेटीतल्या स्पीकरातून बाहेर काढायचा, तेव्हा कुठे लोक माना वर करतात. माझ्या काकांचा मुलगा मंगेशदादा नागपूरला इंजिनिअरिंग शिकत असताना हौसेने गिटार घेऊन बसला होता. वर्षभरात हौस फिटली. पुण्याला नोकरी लागली तेव्हा जाताजाता ती गिटार मारेगावला आमच्या घरी टाकून गेला. "रुपे, सांभाळजो वं," एवढंच म्हणाला. त्याला वाटलं मी ती कपाटावर ठेवून वर जुनी चादर घालीन. मी ती मांडीवर घेतली आणि पुन्हा खाली ठेवली नाही.

घर तीन खोल्यांचं. समोरच्या खोलीत बाबांची खुर्ची, कम्प्युटर आणि कूलर, आणि या तिघांत मान कूलरचा. आमच्या भागात होळी झाली की कूलर लागतो, तो दसरा उलटला तरी निघायचं नाव घेत नाही. आमचा कूलर लोखंडी, खिडकीएवढा. सुरू झाला की बाबांना दोनदा हाक मारावी लागे. बाबा कचेरीत क्लार्क होते. दिवसभर लोकांचं ऐकून घरी येत आणि कूलरसमोर असे बसत की देवासमोर कुणी बसणार नाही. आई सरकारी शाळेत मराठीची बाई. शाळेत "मला-तुला" आणि घरात पाय टाकला की "मले-तुले". चप्पल काढतानाच तिची भाषाही उंबऱ्याबाहेर राहत असे. संध्याकाळी ज्वारीच्या भाकरी थापटल्याचा आवाज, रविवारी पातोडीच्या रश्शाचा खकाणा, रस्त्यावरून वणीकडे जाणारी एसटी, आणि या सगळ्याखाली तो कूलर. या घरात मी गिटार वाजवत होते आणि ती कुणालाच ऐकू येत नव्हती, मलाही नीटशी नाही.

पण मला काय ऐकायचं होतं ते मला ठाऊक होतं. आदल्या वर्षी गणपतीत चौकात ऑर्केस्ट्रा आला होता. मी गिरणीवरून दळण घेऊन चालले होते. कार्यक्रमाला अजून वेळ होता, मांडवात चार पोट्टे आणि दोन कुत्री. स्टेजवरचा गिटारवाला कंटाळलेल्या चेहऱ्याने एकेक तार छेडून पाहत होता. त्याने एक तार छेडली आणि मी दळणाचा डबा कमरेवर घेऊन तिथेच उभी राहिले. काय आवाज होता तो! गोल, स्वच्छ, सुरुवातीला किंचित टोक असलेला आणि मग लांबवर पसरत जाणारा. त्यात खरखर नाही, आरडाओरड नाही. तार होती तशी ऐकू येत होती. रात्री त्यांनी पुष्कळ धांगडधिंगा केला, लोक नाचले, पण माझा कार्यक्रम दुपारीच झाला होता. घरी गेले तेव्हा पीठ थंडगार झालेलं. "गिरणीत झोपलती का?" असं आईने विचारलं, आणि मी वेड्यासारखी हसत राहिले.

पोळ्याला मंगेशदादा गावी आला तो पेनड्राइव्ह घेऊनच. परदेशातल्या कुणा भल्या माणसाने अ‍ॅम्पचं सॉफ्टवेअर बनवून फुकट वाटायला ठेवलं होतं. गिटारची वायर कम्प्युटरच्या मागे खुपसायची, की स्क्रीनवरचा अ‍ॅम्प चालू. आईने पदराला हात पुसत विचारलं, "कुठं हाये तो अ‍ॅम्प?"

"हा काय समोर, काकू."

स्क्रीनवर काळ्या कातड्याचा, चांदीच्या पट्टीचा, आठ-दहा बटणांचा एक देखणा अ‍ॅम्प उभा होता. आईने पदराने त्याच्यावरची धूळ पुसली. बाबांनी कूलरपाशी बसूनच मान लांब करून पाहिलं आणि निकाल दिला, "म्हणजे फोटोतल्या गाईचं दूध काढणं हाये हे."

आम्ही सगळे हसलो. पण मी तार छेडली आणि कम्प्युटरच्या त्या दोन किरट्या स्पीकरांतून माझी गिटार पहिल्यांदा खोलीभर बोलली, तेव्हा माझ्या अंगावर जो काटा आला तो आज हे लिहितानाही आहे. आवाज वाईट होता. छेडल्यावर थोडा मागून येत होता, कचेरीतल्या कामासारखा. दादाने कुठे काय बदललं देव जाणे, तो वेळेवर येऊ लागला. वाईटच, पण माझा. गाईने फोटोतून का होईना, दूध दिलं होतं.

आता खरी गोष्ट. माझं बी.ए. झालं होतं. बाबांनी अमरावतीला स्पर्धा परीक्षेच्या क्लासची चौकशी करून ठेवली होती, आत्याकडे राहायचं ठरलं होतं, आणि मला त्यातलं काहीच नको होतं. मला काय हवं हेही सांगता येत नव्हतं, कारण मारेगावात बसून "मला गिटार वाजवायची आहे" हे वाक्य बोलायचं तरी कुणाजवळ? ते दादाने बोलून टाकलं. त्याच्या ओळखीचे एक धोटे सर नागपुरात रेकॉर्डिंगचा स्टुडिओ चालवत. त्यांना अंगाईगीतांची सीडी करायची होती आणि गिटार हवी होती. दादाने फोन लावून माझ्या हातात दिला. धोटे सरांचा आवाज जाड आणि झोपाळू होता. "गिटारवाले ढिगानं पडले हायेत बेटा," ते म्हणाले, "पण सारे बाळ उठवनारे. मले बाळ निजवनारा पायजे. एक चाल पाठवतो, वाजवून पाठव. जमलं तर नागपूरले ये, कामाचं पाहू. आवाज मात्र साफ पायजे. बाळ दचकलं नाई पायजे."

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि कचेरीच्या पद्धतीने मुदत घालून दिली. "कोजागिरीपर्यंत. तोवर जमलं त नागपूर. नाई जमलं त गिटार मंगेशच्या घरी अन् तू अमरावतीले. चालते?"

"चालते," मी म्हटलं. मी तेव्हा कशालाही चालते म्हटलं असतं. मला वाटलं, चाल तर सोपी आहे, बोटांत बसली आहे, दोन दिवसांचं काम.

पहिला नमुना मी वाजवला, बाबांच्या लुनावर मागे बसून वणीला गेले, तिथल्या सायबर कॅफेतून पाठवला. धोटे सरांचा फोन आला, "लय हळू आला आवाज. अन् कोरडा, माशा घोंगावल्यावानी. पेटी नाई लावली का?" पेटी म्हणजे स्पीकरची पेटी. सॉफ्टवेअरात अ‍ॅम्प वेगळा असतो आणि पेटी वेगळी, आणि मी बिनपेटीचाच अ‍ॅम्प चालवत होते. हे कळल्यावर मी पेटीचं बटण शोधून दाबलं, आणि माशा उडून गेल्या. मी खोलीत अक्षरशः उडी मारली. फोन ठेवताना सर आणखी एक शब्द बोलले होते, "भर थोडा."

तो शब्द मी मनावर घेतला. आमच्याकडे भरलेलं ते चांगलं. वांगं भरलेलं चांगलं, कापसाची गाडी भरलेली चांगली, अंग भरलेलं चांगलं. लग्नातला डीजे तर खिडकीची काच वाजल्याशिवाय चांगला म्हणतच नाहीत. कम्प्युटरात आत येणारा आवाज वाढवणारी, मायक्रोफोन बूस्ट नावाची एक खूण सापडली, ती मी करून टाकली. गिटारवरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. सॉफ्टवेअरात आवाज किती आत येतोय ते दाखवणारी एक उभी पट्टी होती. हळू वाजवलं की हिरवी, जोरात की पिवळी, आणि अगदी भरली की टोकाला लाल. लाल दिसलं की मला वाटे, झालं, पिकलं. टमाटर पिकलं की लालच होतं ना? आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी ही गोष्ट सांगते तेव्हा ती हसून लोळतात. हसा म्हणावं. त्यांना शिकवायला मी आहे, मला टमाटर होतं.

दुसरा नमुना गेला. या वेळी सरांचा आवाज झोपाळू नव्हता. "फाटून राह्यला नं आवाज! बाळाचं सोड, बाळाचा आजा उठन! बोटं चांगली हायेत बेटा तुही, म्हणून आणखी एक डाव देतो. कोजागिरीच्या संध्याकाळपावतर साफ आवाज पाठव, नाईतर मी दुसरा पाह्यतो." फोन ठेवल्यावर मला रडू यायला हवं होतं. पण खरं सांगते, मला नुसती नशा चढली होती. बोटं चांगली आहेत म्हणाले! म्हणजे मधे फक्त आवाज उभा होता, आणि तो सापडण्यासारखा होता, कारण मी तो चौकात ऐकला होता.

पुढचे दिवस मी त्या अ‍ॅम्पच्या मागे हात धुऊन लागले. टोकदारपणाचं बटण कमी केलं, आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा झाला. जास्त केलं, कानात सुई. घुमारा वाढवला तर विहिरीत पडल्यासारखं. त्या सॉफ्टवेअरात ओळीने अ‍ॅम्प उभे होते, मी एकेकाला उठवून पाहिलं, सगळे फाटके. तारा बदलल्या. हलक्या हाताने वाजवून पाहिलं, जरा बरं, पण चालीचा जिथे उमाळा यायचा तिथे पुन्हा खर्रर्र. बाबा ऑफिसातून येऊन विचारत, "काय म्हणते तुही गाय?" आणि मी म्हणे, "लाथा मारून राह्यली, बाबा." कोपऱ्यात अमरावतीची बॅग अर्धी भरलेली. बाबा तिच्याकडे मुद्दाम पाहत नसत, ते मला कळत होतं.

आणि या सगळ्यात घरी भुलाबाई बसलेली. आमच्याकडे भादव्यापासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई आणि भुलोजींच्या मातीच्या मूर्ती घरात मांडतात आणि रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी गाणी म्हणायला येतात. गाण्यांपेक्षा सगळ्यांचा जीव असतो खिरापतीत. खिरापत बंद डब्यात असते आणि ती ओळखल्याशिवाय मिळत नाही. डबा कानाजवळ नेऊन हलवायचा, आवाजावरून आत काय आहे ते सांगायचं. ओली का सुकी, गोड का तिखट, एवढंच विचारता येतं. फुटाणे टणटणीत वाजतात, मुरमुरे खसखसतात, शेंगदाणे जड पडतात, खोबऱ्याचे तुकडे अडखळत. लहानपणापासून आमचे कान त्या डब्यांवरच तयार झालेले. पण आमच्या घरचा डबा अख्ख्या गल्लीत कुणी ओळखला नव्हता. आई त्या बाबतीत फार खडूस. शाळेत पास करील, खिरापतीत नाही. पोरी हरल्या की झाकण उघडताना तिच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसे, तो पगाराच्या दिवशीही दिसत नसे.

कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी मी कम्प्युटरसमोर तोंड पाडून बसले होते. मागे पोरींची गाणी आटोपली, डबा फिरू लागला. एकीने हलवला, दुसरीने हलवला. काहीच नाही. शेवटी पलीकडच्या घरची चिमी, तिला भीती अशी नव्हतीच कुणाची, ती म्हणाली, "बाई, आतमंधी काई हाये का रिकामाच देल्ला?"

आई खुदकन हसली. "रिकामा नाई वं, गच्च भरला. दाबून दाबून भरला. गच्च भरला का डबा मुका होते. अर्धा ठेवला असता त दाना न् दाना बोलला असता."

पोरी ओरडल्या, "हे चीटिंग हाये!" झाकण उघडलं, आत दाबून भरलेला चिवडा निघाला. आणि मी खुर्चीतच वळले. माझ्या डोक्यात काहीतरी टण्ण वाजलं होतं. गच्च भरला की मुका होतो. हलायला जागा नाही, म्हणून दाणा बोलत नाही. माझी ती लाल पट्टी! मी चिवडा दाबून भरत होते आणि वर विचारत होते, आवाज साफ का येत नाही!

"आई," मी जवळजवळ ओरडलेच, "अन् अर्धा ठेवला अन् आवाज बारीक आला त?"

आईने माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी ती वर्गातल्या मागच्या बाकाकडे टाकत असेल. "त डबा कानाजवळ आन. भरतं कायले?"

आजवर मी पुष्कळ मोठमोठ्या लोकांबरोबर वाजवलं, यंत्रांच्या गप्पा ऐकल्या, पण एवढ्या थोड्या शब्दांत हे मला पुन्हा कुणी सांगितलं नाही. आईला आपण काय बोललो याचा पत्ता नव्हता, ती डब्याविषयीच बोलत होती. आत येताना कमी घ्यायचं, हवं तर बाहेर पडताना मोठं करायचं. भरायचं नाही, जवळ आणायचं. मी कम्प्युटरकडे धावले, आणि त्याच क्षणी लाइट गेली. भारनियमन! सगळ्या पोरी "ओऽऽ" ओरडल्या, आणि मी अंधारात टाळ्या वाजवत होते. आईला वाटलं पोरीचं डोकं फिरलं.

त्या वर्षी कोजागिरी रविवारी आली. सकाळी लाइट होती आणि ती अकराला जाणार हे ठरलेलं. मी चहा न पिता बसले. बूस्टची खूण काढली. गिटारचं बटण मागे घेतलं. पट्टी हिरव्याच्या मध्यावर नाचेल, वर मोकळी जागा राहील, इतकं ठेवलं. घुमारा नावापुरता, टोक थोडं कमी. तार छेडली.

चौक. दळणाचा डबा. ती दुपार. तोच आवाज नव्हता, पण त्याची सख्खी बहीण होती. तार निघाली, टोकाशी जरा चमकली आणि गोल होऊन पसरली. मी जोरात छेडली, तरी फाटली नाही, नुसती मोठ्याने बोलली. हळू छेडली, कुजबुजली. माझ्या बोटांत जे होतं ते सगळं बाहेर येत होतं, चुकासकट! मला हसू आवरेना. मी तीच एक तार किती वेळ छेडत बसले कुणास ठाऊक.

मग ऐकू आलं ते दुसरं. आवाज विरत गेला की त्याखालून हुंऽऽ अशी एक घरघर. एवढे दिवस ती माझ्या आरडाओरडीत बुडालेली होती, आता शांततेत उघडी पडली. मी वायर हलवली, स्क्रीनपासून लांब सरकले, गिटार घेऊन गोल फिरले; भुलाबाईकडे तोंड केलं की कमी होई, पण जाईना. मग कळलं. कूलर. एकाच बोर्डावर दोघं. आणि कूलरसमोर रविवारचा पेपर उघडून, ऑक्टोबरच्या त्या भाजणाऱ्या उन्हात, माझे बाबा बसलेले.

घड्याळ दहाच्या पुढे सरकत होतं. बोलायचं धैर्यच नव्हतं. त्या माणसाच्या आठवड्यातलं एवढं एकच सुख. स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, "अहो, तिले कूलर बंद पायजे असन."

बाबांनी पेपर खाली केला. माझ्याकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या बॅगेकडे पाहिलं. "मंग सांगाले का झालं," म्हणाले, उठले, कूलर बंद केला. नुसता बंद करून थांबले नाहीत, प्लगही उपसून ठेवला. आमच्या खोलीत इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. बाबा परत खुर्चीत बसले. पेपराने वारा घेऊ लागले, मग पेपराचा आवाज होतो म्हणून तेही थांबवलं. आईने गॅस बारीक केला आणि कुकरला लावायची शिट्टी हातातच ठेवली. बाहेर भाजीवाला ओरडत आला तर बाबांनी खिडकीतून दोन्ही हात जोडले, आणि तो बिचारा गाडी ढकलत मुकाट्याने पुढे गेला. संध्याकाळी भुलाबाईच्या मखरासाठी ज्वारीची कणसासकट ताटं घेऊन आलेली चिमी दारातच तोंडावर बोट ठेवून उभी राहिली.

आता गंमत अशी, की यातल्या कशाचीच गरज नव्हती. गिटारचा आवाज वायरीतून आत जातो. खोलीत माइक नाही. घरात ढोल बडवले असते तरी रेकॉर्डिंगमध्ये एक टिपरूही आलं नसतं. हे एका वाक्यात सांगता आलं असतं, पण मी ते सांगितलं नाही. सगळं घर माझ्यासाठी श्वास धरून बसलं होतं, बाबांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता आणि ते पुसत नव्हते. मला ते मोडवलं नाही. मी वाजवलं. ती अंगाई मी इतक्या वेळा वाजवली होती, पण कुणी निजावं म्हणून पहिल्यांदाच वाजवली. शेवटची तार विरली, पट्टी हिरव्यातूनच खाली आली, आणि बाबा कुजबुजले, "झालं का? घेऊ का श्वास?"

मग मी आईला म्हटलं, "पाठ कर माह्याकडे. खिरापत ओळख."

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, कुकरची शिट्टी अजून हातात. मी आधी जुना, फाटका नमुना लावला. तिने ऐकलं. "तिखट," म्हणाली. "काय हाये ते समजत नाई, नुसतं झोंबते." मग मी आत्ताचा लावला, स्पीकर मोठा करून, म्हणजे डबा कानाजवळ आणून. ती हातातली शिट्टी नुसती फिरवत राहिली. मला वाटलं, नाही आवडलं.

"गोड हाये," ती म्हणाली. आणि मागे न वळता, "परत लाव."

अकराला लाइट गेली तेव्हा पेनड्राइव्ह बाबांच्या शर्टच्या खिशात होता आणि आम्ही लुनावर वणीच्या रस्त्याला लागलो होतो. दोन्ही बाजूंना कपाशीची बोंडं फुटायला आलेली, सोयाबीनच्या गंज्या, गरम वारा. बाबा सारखे एका हाताने खिसा चाचपत होते. "बाबा, दोन्ही हातांनी चालवा," मी ओरडले. ते मागे न बघता ओरडले, "अंडं हाये नं खिशात!" सायबर कॅफेत फाइल चढायला दुपार गेली. आम्ही तिथेच बाकावर बसून समोसे खाल्ले. संध्याकाळ व्हायच्या आत ती गेली. त्या रात्री दूध प्यायलं, भुलाबाईला निरोप दिला, आणि मी बॅग पूर्ण भरून दाराशी आणून ठेवली. सरांचं उत्तर अजून आलं नव्हतं, तेव्हा भरायची ती भरलीच पाहिजे होती, ठरलं होतं तसं.

दुसऱ्या दिवशी बाबा दुपारीच घरी आले. कचेरीच्या वेळात बाबा घरी म्हणजे कुणीतरी गेलं असावं, म्हणून आई शाळेच्या साडीतच, जेवता जेवता उठली. बाबांनी चप्पल काढली, पाणी मागितलं, सावकाश प्यायले. मला त्यांना हलवून वाजवावंसं वाटत होतं.

"तो धोटे," बाबा म्हणाले, "कचेरीत फोन आलता त्याचा. मले विचारून राह्यला, तुमच्या घरी अ‍ॅम्प कोनता हाये. असा आवाज कोन्या अ‍ॅम्पचा म्हने."

"मंग?"

"मंग काय! म्हटलं, आमच्या घरी अ‍ॅम्प नाई. कूलर हाये, तो बी बंद होता." आणि एवढं बोलून माझे बाबा, कधी मोठ्याने न हसणारे, पोट धरून हसत सुटले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "बुधवारी बोलावलं तुले. आत्याले मी सांगतो काय सांगाचं ते."

मी किंचाळले. चिमी धावत आली. आईने आधी मला जवळ घेतलं आणि मग कूलर लावला.

बुधवारी सकाळी मारेगावच्या स्टँडवर नागपूरच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळाली. गिटार चादरीत गुंडाळून मांडीवर. बॅग तीच, अमरावतीची. पुढे नागपुरात खऱ्या अ‍ॅम्पसमोर उभी राहिले तेव्हा हात बरोबर गेला. पहिलं काय केलं तर गिटारचं बटण मागे घेतलं, आणि धोटे सर माझ्याकडे पाहून पहिल्यांदा हसले. ते सगळं नंतरचं. स्टँडवर गाडी निघता निघता आईने खिडकीतून स्टीलचा डबा आत दिला. "बसमंधी खाजो," म्हणाली. मी झाकणाला हात लावला तशी तिने डोळे वटारले. "आधी ओळख."

मला हसू आलं. आईचा डबा, तो काय बोलणार! तरी कानाजवळ नेला आणि हलवला, आणि गाडीच्या त्या घरघराटात, कंडक्टरच्या ओरडण्यात, मला डब्यातला एकेक दाणा वेगवेगळा ऐकू आला. टणटणीत फुटाणे, आणि त्यांच्यामधून खुळखुळणारी खडीसाखर.

"सुकी," मी खिडकीतून ओरडले. माझा आवाज फाटला होता. "गोड! फुटाणे अन् खडीसाखर!"

"बरोबर," आई म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. आमच्या गल्लीत तिने खिरापत कुणाला ओळखू दिली, ते तेवढंच एकदा.